घरच्या रद्दीतून हातकागद: जुन्या वह्या, मिक्सर आणि नागपूरचं ऊन

परीक्षा संपल्या की आमच्या घरी वह्यांचा ढीग निघतो. दोन पोट्टे शाळेतले, त्यांच्या अर्ध्या भरलेल्या वह्या, सराव पेपर, क्लासच्या झेरॉक्स. कोऱ्या पानांची मी आधी एक जाड वही शिवून घेते, ते सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फायद्याचं, आणि जे दोन्ही बाजूंनी भरलेलं उरतं त्यातल्या थोड्याचा घरीच कागद बनवते. हो, घरी, मिक्सर नि कुलरच्या जुन्या टबात. चार उन्हाळे झाले करून राहिले, आता हात बसला आहे म्हणून सविस्तर लिहितेय, कारण सुरुवातीला मला सगळे 'काय करायचं' तेवढं सांगायचे, का करायचं ते कोणी सांगत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय कागद जमत नाही हे दोन पूर्ण टब वाया गेल्यावर समजलं.

तर पहिले हे समजून घ्या की कागद चिकटवायला डिंक लागत नाही. कागद म्हणजे सेल्युलोजचे बारीक तंतू, झाडाचे, बांबूचे, कापसाचे, कशाचेही. ते पाण्यात भिजले की फुगतात, मऊ होतात, आणि जसजसं पाणी निघून जातं तसे एकमेकांच्या इतके जवळ येतात की हायड्रोजनच्या बंधांनी आपोआप धरून बसतात. पाण्याने जोडले जातात म्हणून पाण्यानेच सुटतात. वही रात्रभर बादलीत टाकली की तिचा लगदा होतो तो याचमुळे, आणि प्लास्टिकचा थर मारलेला कप आठवडाभर भिजवला तरी तसाच राहतो तोही याचमुळे. पाणी आतच जात नाही नं.

कागद कोणता घ्यायचा

वहीचा, झेरॉक्सचा, परीक्षेच्या पेपरचा कागद सगळ्यात छान. त्यात लिग्निन जवळपास काढून टाकलेलं असतं. लिग्निन म्हणजे लाकडात तंतूंना एकमेकांशी घट्ट धरून ठेवणारा पदार्थ, ऊन लागलं की तो पिवळा पडतो. वर्तमानपत्राच्या कागदात बहुतेक वेळा ते भरपूर असतं कारण त्याचा लगदा लाकूड दगडी चाकावर नाहीतर यंत्रात घासून करतात, लाकडातलं नव्वद टक्क्यांच्या वर सगळं त्यात येतं, स्वस्त पडतं पण तंतू आखूड आणि कमजोर. म्हणून निव्वळ पेपरच्या रद्दीचा कागद करायला गेलात तर राखाडी, ठिसूळ होईल. त्यात तपकिरी खोक्याचा पुठ्ठा मिसळा, पाव भाग पुरे. ऑनलाइन सामान येतं त्या खोक्याचा क्राफ्ट कागद लांब तंतूंचा असतो, जर्मनमधे क्राफ्ट म्हणजे ताकदच. फक्त त्याची चिकटपट्टी आणि पत्त्याचं लेबल सोलून काढा. अंड्यांचे ट्रे पण चालतात, ते मुळात लगद्याचेच, पंधरा मिनिटांत विरघळतात.

काय घ्यायचं नाही ते नीट लक्षात ठेवा. दुकानाचं गुळगुळीत बिल, ज्यावर नखाने ओढलं की काळी रेघ उमटते, ते थर्मल पेपर, त्यावर रसायनांचा थर असतो, ते लगद्यात नको आणि रद्दीतही नको. लग्नपत्रिका बघायला जाड नि सुंदर असतात पण सोनेरी फॉइल, मखमल, प्लास्टिकची पन्नी, त्यातलं आतलं साधं पान तेवढं घ्या. चकचकीत मासिकाच्या कागदात वजनाचा मोठा भाग पांढऱ्या मातीचा असतो, तंतू कमी, टबाच्या तळाशी गाळ बसतो. स्टेपलच्या पिना एकूण एक काढा, एक पिन राहिली तर मिक्सरचं पातं गेलं.

एक छोटा प्रयोग पोट्ट्यांना करायला लावा, त्यांना मजा येते आणि तुम्हाला कागद कळतो. वर्तमानपत्र उभं फाडा, मग आडवं फाडा. एका दिशेने सरळ रेघेत फाटतं, दुसऱ्या दिशेने वाकडंतिकडं जातं. मशीनवर लगदा ज्या दिशेने धावतो त्याच दिशेने बहुतेक तंतू लोळतात म्हणून. आपण हाताने करणार त्या कागदात हा फरक जवळपास नसतो, कारण आपण साचा चारी बाजूंनी हलवतो.

साचा

लाकडाच्या दोन सारख्या फ्रेम लागतात, फोटोच्या जुन्या फ्रेम चालतात, वहीच्या पानाच्या अर्ध्या आकाराच्या घ्या, पहिल्यांदा मोठ्या घेऊ नका. एकीवर खिडकीची डासांची जाळी ताणून ठोका, अगदी ढोलासारखी ताठ, सैल राहिली की मधे लगदा साचून कागद पोटाशी जाड होतो. दुसरी फ्रेम रिकामी, ती जाळीवर ठेवायची, कागदाच्या कडा तिच्यामुळे येतात. लाकडाला दोन हात वार्निश मारा नाहीतर तिसऱ्या दिवशी फ्रेम वाकडी होते.

हे तंत्र आपल्याकडे काही नवीन नाही बरं का. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गावच आहे, पिढ्यान्‌पिढ्या हातकागद करणाऱ्यांचं. आणि आपल्या नागपूरपासून पाऊण-एकशे किलोमीटरवर वर्ध्याला मगनवाडीत, १९३४ साली गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथे काम पाहायचे, तिथे तेलघाणीसोबत हातकागदाचंही काम चालायचं. मी पहिल्यांदा साचा हातात घेतला तेव्हा आईने सांगितलं की तिच्या लहानपणी वर्ध्याहून आलेला खरबरीत कागद घरात होता, त्यावर टाक अडकायचा. तो टाक का अडकायचा ते खाली खळीच्या जागी सांगते.

लगदा

हिशोब सोपा ठेवा. शंभर ग्रॅम सुकी रद्दी, म्हणजे ए-फोरची वीसेक पानं (८० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारं, एक ए-फोर पान बरोबर पाच ग्रॅमचं असतं, कारण एका चौरस मीटरमधून सोळा पानं निघतात). एवढ्यातून अर्ध्या आकाराचे, जरा जाडसर पंधरा-अठरा कागद होतात. कागद कात्रीने कापू नका, हाताने फाडा, बोटाच्या पेराएवढे तुकडे. कात्री तंतू कापते, फाडताना ते बरेचसे ओढून सुटे होतात. रात्रभर भिजत घाला, उन्हाळ्यात साधं पाणी, थंडीत कोमट.

सकाळी मिक्सरमधे एक मूठ ओला कागद आणि पाऊण भांडं पाणी. पाणी कमी घालायचा मोह होतो, नका करू, माझ्या जुन्या मिक्सरची मोटर त्यातच जळाली. आणि स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, रद्दीवर शाई असते, किती हातांतून गेलेली असते, एक जुनं भांडं याच कामाला वेगळं काढा. पाच-पाच सेकंद थांबून थांबून तीन-चारदा फिरवा, पुरे. जास्त फिरवलं की तंतू आखूड होतात, मग कागद गुळगुळीत दिसतो पण दुमडला की तुटतो. झालं का ते बघायला काचेच्या बाटलीत पाणी घ्या, चमचाभर लगदा टाका, हलवा आणि उजेडाकडे धरा. ढगासारखं एकसारखं दिसायला पाहिजे, आत कागदाचे चपटे तुकडे फिरताना दिसले तर अजून एक फेरा.

हा सगळा लगदा टबात ओता आणि पाणी घालून एकूण दहा लिटर करा. शंभर ग्रॅम तंतू, दहा लिटर पाणी, म्हणजे एक टक्का. नव्व्याण्णव टक्के निव्वळ पाणी बघून पहिल्यांदा वाटतं यात काय कागद होणार. पण मोठ्या गिरणीतही जाळीवर सोडतात तो लगदा एक टक्का नाहीतर त्याहून पातळ असतो. घट्ट ठेवला तर तंतू गुंतून गोळे होतात, पाण्यात मोकळे तरंगले तरच सारखे पसरतात. कागदाला पाणी इतकं का लागतं त्याचं उत्तर तुमच्या टबातच आहे.

उचलणं

टब हाताने ढवळा, तळातून वर. जाळी वर, रिकामी फ्रेम तिच्यावर, दोन्ही अंगठ्यांनी घट्ट धरा. लांबची कड आधी पाण्यात, मग स्वतःकडे ओढत सपाट करा आणि एका दमात सरळ वर उचला. पाणी खाली गळत असतानाच एकदा डावी-उजवीकडे, एकदा पुढे-मागे हलकंसं हलवा. चार-पाच सेकंद मिळतात, त्यानंतर हलवलं तर थर फाटतो. पाण्याचा आवाज धारेवरून थेंबांवर आला की तिरपं करून निथळू द्या. वरची फ्रेम अलगद काढा, तिच्यावरून एक थेंब जरी पडला तरी कागदात कायमचा खड्डा दिसतो.

जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, जाळी उलटी करून टबात आपटा, लगदा परत पाण्यात. असं दहा वेळा केलं तरी काही वाया जात नाही.

आता ओली सुती साडी नाहीतर जुनं धोतर चार घड्या करून पाटावर पसरा, जाळीची एक कड टेकवा आणि पुस्तकाचं पान मिटावं तशी जाळी पालथी करा. मागून स्पंज दाबून पाणी टिपून घ्या, मग एका कडेने जाळी उचला, कागद कापडाला चिकटून राहतो. त्यावर अजून एक ओलं कापड, त्यावर पुढचा कागद. असे दहा-बारा झाले की वर दुसरा पाट ठेवा आणि त्यावर उभे राहा. मी उभी राहते, मग मुलगा पण चढतो. जितकं पाणी निघतं तितकं दाबूनच काढा, मग त्यावर गव्हाचा डबा ठेवून तासभर सोडा.

दाबण्याच्या कामाला मी इतकं महत्त्व का देते ते सांगते. गिरणीतसुद्धा जाळीवरून निघालेला ओला कागद रोलरमधे दाबतात, त्यानंतर कागदाच्या एकूण वजनात साधारण निम्मं पाणी असतं, आणि ते उरलेलं वाफेने तापवलेल्या मोठ्या ढोलांवरून फिरवून उडवावं लागतं. दाबून पाणी काढायला ऊर्जा थोडी लागते, वाफ करून काढायला प्रचंड. कागद मशीनवर जळणाचा मोठा वाटा या सुकवण्यातच जातो. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जाणारं ऊन फुकट आहे, पण त्यालाही एक पथ्य आहे.

ओला कागद थेट गच्चीवर उन्हात टाकला तर वरची बाजू आधी आकसते आणि अर्ध्या तासात पापडासारखा वळतो, परत सरळ होत नाही. त्याऐवजी खिडकीच्या काचेवर किंवा बाथरूमच्या टाइल्सवर कापडासकट चिकटवा, वरून हात फिरवा, कापड सोलून घ्या. सावलीत, नुसत्या गरम हवेत, मे महिन्यात दोन-तीन तासांत टणटणीत होतो आणि कडेने नख घातलं की सळकन निघतो, काचेकडची बाजू गुळगुळीत मिळते. पावसाळ्यात करायचाच असेल तर पंखा आणि इस्त्री, आणि पूर्ण सुकल्याशिवाय थप्पी लावू नका. मी एका जुलैत वीस कागद ओलसरच कपाटात ठेवले, आठवड्याने सगळ्यांवर काळे ठिपके, सगळे खताच्या खड्ड्यात गेले.

खळ आणि रंग

असाच सुकलेला कागद शाई पितो, टिपकागदासारखा. टाक अडकायचा म्हणाले नं, ते यासाठी की खळ कमी पडली की तंतू वर उठतात. सुती साडीला देतो तशी पातळ खळ करा, ब्रशने दोन्ही बाजूंना लावा, परत सुकवा, आणि मग स्टीलच्या वाटीच्या तळाने घोटा. पूर्वीचे कागद बनवणारे लोक अकीकाचा खडा नाहीतर गुळगुळीत दगड घेऊन घोटायचे, काम तेच. बाजारच्या कित्येक कागदांना वर्षानुवर्षं राळ आणि तुरटी लावायचे, तुरटीमुळे कागदात आम्ल राहतं आणि तो पन्नास-साठ वर्षांत बिस्किटासारखा तुटतो, जुनी पुस्तकं कोपऱ्यातून मोडतात ती अशी. घरच्या कागदात तुरटी टाकायला कोणी सांगितलं तर टाकू नका.

रंगाला हळद टाकू नका, उजेडात दोन महिन्यांत उडते. होळीच्या आसपास पळसाची फुलं सुकवून ठेवा, उकळून गाळलेलं पाणी लगद्यात घाला, फिकट केशरी पिवळा रंग येतो, थोडा उतरतो पण छान दिसतो.

टबाच्या पाण्याचं काय

शेवटी टबात गढूळ पाणी उरतं, त्यात बारीक तंतू आणि शाईची पूड. सिंकमधे ओतू नका, पाइपमधे बसून त्याचा पुन्हा कागदच होतो, प्लंबर बोलवावा लागतो. जुन्या सुती कापडातून गाळा, गोळा पिळून सुकवून ठेवा, पुढच्या वेळी भिजत घाला, पाणी पुढच्या टबाला वापरा. गिरण्यापण हेच करतात, जाळीखालचं पाणी परत वर फिरवतात, आणि जी गिरणी जितकं जास्त फिरवते तिला तितकं कमी ताजं पाणी लागतं.

आता मोठ्या कारखान्यात हेच काम होतं तेव्हा नदीला आणि जंगलाला काय पडतं ते बघा. पांढऱ्या कागदासाठी लाकडाच्या चिपा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमधे दाबाखाली शिजवतात. लिग्निन विरघळून जातं, त्यात लाकडाचं जवळपास निम्मं वजन निघून जातं. ए-फोरचं अडीच किलोचं एक रिम, म्हणजे पाचशे पानांचा गठ्ठा, घ्या, त्यात पाचवा हिस्सा खडूची पूड धरली तरी चारेक किलो सुकं लाकूड त्यामागे लागलेलं असतं. विरघळलेलं लिग्निन म्हणजे काळा द्रव. चांगली गिरणी तो आटवून बॉयलरमधे जाळते, रसायनंही परत मिळतात आणि वाफही. हा बॉयलर फार महाग असतो, म्हणून गव्हांड्यावर, भाताच्या तणसावर चालणाऱ्या कित्येक छोट्या गिरण्यांत तो नव्हताच, शिवाय तणसात सिलिका असते ती रसायन परत काढायच्या कामात अडथळा करते, मग तो काळा द्रव नाल्यात. 'झाडं तोडली नाहीत, तणसाचा कागद आहे' एवढं वाचून लगेच खूश व्हायचं नाही ते यासाठी. पांढरं करायला पूर्वी क्लोरिन वायू वापरायचे, त्यातून डायऑक्सिन नावाचं विष तयार व्हायचं, पाण्यात, माशांत साठणारं. आता बऱ्याच गिरण्या क्लोरिन डायऑक्साइड, ऑक्सिजन, पेरॉक्साइडवर आल्या, फरक मोठा पडला. तरी वहीचा कागद दुधासारखा पांढरा कशाला पाहिजे हा प्रश्न माझा कायम आहे, किंचित पिवळसर कागदावर मुलांचं काय अडतं?

जंगलाचं म्हणाल तर विदर्भात हा विषय फार जवळचा. बल्लारपूरचा कागद कारखाना उभा राहिला तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूवर. बांबू हे गवत, पण कायद्यात ते झाड धरलं जायचं आणि गावकऱ्यांना तो विकता यायचा नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने वर्षानुवर्षं भांडून २०११ साली स्वतःचा बांबू विकायचा हक्क मिळवला, देशात पहिल्यांदा. वहीचं पान उलटताना त्या गावाची आठवण मला नेहमी येते.

आणि रद्दीचा कागद? तंतू पाच-सातदा वापरता येतो, दरवेळी थोडा आखूड होत जातो, म्हणून वहीच्या कागदाचा पुढे पेपर, मग मिठाईच्या डब्याचा करडा पुठ्ठा, मग अंड्याचा ट्रे, असा तो खाली उतरत जातो. लाकूड वाचतं, पाणीही बरंच वाचतं. फक्त एक आहे की रद्दीच्या गिरणीकडे जाळायला काळा द्रव नसतो, वाफेसाठी कोळसा नाहीतर भुसा जाळावा लागतो. म्हणून जो कागद वापरलाच नाही तो सगळ्यात स्वस्त.

कबाडीवाल्याला द्यायची रद्दी

घरी वीस कागद करून जंगल वाचत नाही हे मला माहीत आहे. पण साच्यावर दोन दिवस घालवले की कोणती रद्दी पुन्हा कागद होईल ते हाताला कळतं, आणि खरा फरक तिथे पडतो. आमच्या गल्लीतल्या एका क्लासने उत्तरपत्रिकांची पोती गेल्या पावसाळ्यात बाहेर ठेवली होती, तीन दिवसांत सगळी कुजली. माझा कबाडीवाला पोत्यात हात घालून म्हणाला, "ताई, गीला माल मिल नहीं लेती, वजन भी गया और माल भी." ते सगळं घंटागाडीतून भांडेवाडीला, शहराच्या कचरा डेपोत गेलं. ढिगाऱ्याखाली हवा न मिळता कागद कुजला की मिथेन निघतो, आणि उन्हाळ्यात तिथे आगी लागतात तेव्हा धूर कुठवर जातो ते पूर्व नागपुरातल्या लोकांना विचारा.

म्हणून घरात दोन पोती ठेवा, एकात पांढरा कागद, दुसऱ्यात पुठ्ठा, दोन्ही जमिनीपासून वर आणि कोरडी. समोशाचा तेलकट कागद, तर्रीने भिजलेली पोह्यांची प्लेट यात नको, तेल पाण्यात सुटत नाही आणि कागदावर डाग होऊन बसतं. साधा तेलकट कागद खतात टाका. चहाचे कागदी कप आतून पॉलिथिनचे, ते ना खतात ना रद्दीत, गल्लीत महाप्रसाद असेल तर पळसाची पत्रावळ आणि द्रोण मागवा, अजूनही मिळतात. कुलरचे हनीकोंब पॅडपण कागदाचेच असतात पण रेझिनमधे बुडवलेले, भिजूनही विरघळू नयेत म्हणून, ते रद्दीत टाकलेत तर पूर्ण गठ्ठा खराब होतो.

पहिल्या दिवशी पंधरापैकी सात-आठ कागद नीट निघाले तरी पुष्कळ समजा. बाकीचे खळ लावायच्या आधीच बाजूला काढा, फाडून रात्री भिजत घाला. सकाळी ते वहीच्या पानांपेक्षा लवकर सुटतात, कारण एकदा सुटे झालेले तंतू आहेत आणि वर काहीच लावलेलं नाही, मिक्सरचे दोन फेरे पुरतात.